बारकोड : मालाचा क्रमांक आपल्याच नावावर असावा

आठवड्याच्या बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्यास आपली ओळख सांगावी लागत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते. ते हळद बोटांवर चोळून पाहते, गुळाचा खडा तोंडात टाकून पाहते आणि समाधान झाल्यास पुढच्या आठवड्यास त्याच पालाशी परत येते. विकणाऱ्याचा चेहरा व त्याचा शब्द हीच त्या मालाची खूण असते. परंतु तोच माल ऑनलाइन बाजारपेठेतून पुणे, दिल्ली किंवा बंगळूर येथील एखाद्या घरी जावयाचा असेल, तर विकणारा व घेणारा यांची भेट होत नाही. मध्ये कोठारे असतात, यंत्रे असतात आणि एकाच पदार्थाची शेकडो विक्रेत्यांची पाकिटे असतात. त्या गर्दीत आपले पाकीट नेमके कोणते, हे यंत्रास कळण्यासाठी मालास क्रमांक द्यावा लागतो. बारकोडचे काम ते हेच.

अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि घरीच प्रक्रिया करणारे शेतकरी हळद, मिरची पूड, गूळ, बेदाणे, काजूगर, कोकम असा पाकीटबंद माल या मार्गाने विकू लागले आहेत. ऑनलाइन बाजारपेठेचा अर्ज भरताना बारकोड क्रमांकाची चौकट समोर येते आणि पुष्कळदा काम तेथेच अडते. मग चौकशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे येते. अशा वेळी चुकीचा मार्ग दाखविला गेल्यास गटाचे पैसे, छापून घेतलेल्या पिशव्या आणि विक्रीचा हंगाम ही तिन्ही वाया जाण्याचा संभव असतो. यास्तव बारकोड म्हणजे काय, तो कोणाकडून घ्यावा व कोणती काळजी घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

बारकोड म्हणजे काय?

पाकिटाच्या पाठीमागे काळ्या उभ्या रेषांचा जो चौकोन छापलेला असतो, त्यास बारकोड म्हणतात. रेषांच्या खाली बहुधा १३ अंक असतात. खरे महत्त्व त्या अंकांना आहे. रेषा म्हणजे तेच अंक यंत्रास वाचता यावेत म्हणून काढलेले चित्र होय. यंत्र चौकोनावर प्रकाश टाकते. काळी रेषा प्रकाश शोषून घेते व पांढरी जागा तो परत फेकते. रेषा व मोकळ्या जागा यांच्या कमीअधिक रुंदीवरून यंत्र अंक ओळखते आणि त्या क्रमांकासमोर कोणत्या मालाची नोंद आहे, ते संगणकात पाहते.

या पद्धतीचा दुकानातील पहिला उपयोग २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी झाला. तेथील एका किराणा भांडारात च्युइंगमचे पाकीट यंत्राने वाचून त्याची किंमत लावण्यात आली. पुढे १९७७ साली युरोपात १३ अंकी पद्धतीसाठी संस्था स्थापन झाली. आज हे क्रमांक देण्याची जगभरची व्यवस्था जीएस वन ही संस्था पाहते व निरनिराळ्या देशांत तिच्या सदस्य संस्था आहेत. आपल्या देशात हे काम नवी दिल्ली येथील जीएस वन इंडिया करते. केंद्र सरकारचे वाणिज्य मंत्रालय, भारतीय मानक ब्यूरो, अपेडा, मसाला मंडळ आणि व्यापार-उद्योगांच्या प्रमुख संघटना यांच्या सहभागाने १९९६ साली ती स्थापन झाली.

तेरा अंकांची फोड

समजण्यासाठी ८९०१२३४५६७८९० हा नमुन्याचा क्रमांक घेऊ. हा केवळ उदाहरणादाखल आहे. तो कोणीही आपल्या मालावर छापू नये.

आरंभीचे ८९० हे अंक जीएस वन इंडियाकडून दिलेल्या क्रमांकांना लागतात. त्या तीन अंकांसह पुढे काही अंक मिळून विक्रेत्या संस्थेचा क्रमांक होतो. हा भाग त्या संस्थेपुरताच असतो व तो दुसऱ्या कोणासही दिला जात नाही. त्यानंतरचे अंक मालाचे. संस्थेने १०० क्रमांकांचा संच घेतला असेल, तर मालासाठी ०० ते ९९ असे दोन अंक राहतात. १,००० क्रमांकांचा संच असल्यास तीन अंक राहतात. नमुन्यातील क्रमांक १०० च्या संचातील मानल्यास ८९०१२३४५६७ हा संस्थेचा भाग व ८९ हा मालाचा भाग होतो. शेवटी उरलेला ० हा पडताळ्याचा अंक होय.

पडताळ्याचा अंक मनास येईल तो घालता येत नाही. तो आधीच्या १२ अंकांवरून निघतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरील अंक मिळवावे : ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४. या बेरजेची तिप्पट १०२. नंतर विषम स्थानांवरील अंक मिळवावे : ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. दोहोंची बेरीज १३०. ही बेरीज दहाच्या पाढ्यात बसण्यासाठी आणखी जेवढे मिळवावे लागतील, तो पडताळ्याचा अंक. १३० ला दहाने पूर्ण भाग जातो, म्हणून येथे तो ० आला. आता छापताना दहाव्या स्थानी ७ ऐवजी चुकून ८ पडला, तर बेरीज १३३ होईल आणि पडताळा ७ यावयास हवा. पाकिटावर तर ० आहे. म्हणजे चूक झाली, हे यंत्रास तत्काळ कळते व ते क्रमांक स्वीकारीत नाही. पिशव्या छापावयास टाकण्यापूर्वी कार्यकर्त्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

बारकोड काय सांगत नाही

याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. १३ अंकांत मालाची किंमत नसते. किंमत दुकानाच्या किंवा बाजारपेठेच्या संगणकात क्रमांकासमोर लिहिलेली असते. मालाचा कस, शुद्धता किंवा टिकण्याची मुदतही त्यात नसते. आरंभी ८९० आहे म्हणून माल भारतातच पिकला किंवा तयार झाला, असेही सिद्ध होत नाही. क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

सबब बारकोड हा कोणत्याही परवान्याचा पर्याय नव्हे. खाद्यपदार्थासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना वेगळा घ्यावा लागतो व त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, वेष्टन करणाऱ्याचे नाव व पत्ता इत्यादी मजकूर वैध मापनाच्या नियमांप्रमाणे द्यावा लागतो. ॲगमार्कचे चिन्ह प्रतवारीचे असते व ते १९३७ च्या कायद्याखाली मिळते. कोल्हापूरचा गूळ, सांगलीचे बेदाणे किंवा वेंगुर्ल्याचे काजू यांना मिळालेले भौगोलिक मानांकन हे त्या त्या प्रदेशाच्या मालाची ओळख आहे. बारकोड मात्र एका विशिष्ट विक्रेत्याच्या एका विशिष्ट पाकिटाची ओळख आहे. ही प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी आहे. एक केली म्हणजे दुसरी झाली, असे समजू नये.

क्रमांक कोणास लागतो?

जो शेतकरी आपला माल गावच्या बाजारात, ओळखीच्या गिऱ्हाइकास किंवा व्यापाऱ्यास सुटा विकतो, त्यास बारकोडची गरज नाही. पाकीटबंद माल विकणाऱ्या प्रत्येकाने बारकोड घेतलाच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदाही नाही. त्यासाठी उगीच खर्च करू नये.

ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारपेठा मात्र बहुतेक प्रकारच्या नव्या मालाची नोंद करताना हा क्रमांक मागतात. शहरांतील मोठी भांडारेही बारकोड नसलेला माल ठेवण्यास बहुधा राजी नसतात. काही बाजारपेठांत, मालास बारकोड नसल्यास, क्रमांकातून सूट मिळण्यासाठी अर्ज करता येतो. पाच-पंचवीस पाकिटे पाठवून मागणी अजमावून पाहणाऱ्या लहान गटाने प्रथम या सवलतीची चौकशी करावी. मागणी स्थिर झाली, मालाचे प्रकार वाढले आणि एकाहून अधिक ठिकाणी विक्री करावयाची ठरली, म्हणजे स्वतःचा क्रमांक घेणे हितावह ठरते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. काही बाजारपेठा आपल्या कोठारात ठेवलेल्या मालावर स्वतःची वेगळी चिठ्ठी लावतात व तिच्यावरही रेषा असतात. ती त्या बाजारपेठेपुरती असते. ती चिठ्ठी लावलेला माल अन्यत्र त्याच क्रमांकाने विकता येत नाही.

स्वस्त क्रमांकाचा मोह

बारकोडची चौकशी करू लागताच अल्प पैशात दहा-वीस क्रमांक लगेच देणारे मध्यस्थ भेटतात. वार्षिक शुल्क नाही, कागदपत्रे नकोत, असे ते सांगतात. या क्रमांकांचे मूळ पाहिले पाहिजे. अमेरिकेत २००२ पूर्वी पुष्कळ व्यापारी संस्थांनी वार्षिक शुल्क नसलेले मोठे क्रमांकसंच घेतले होते. त्यांतील न वापरलेले क्रमांक सुटे करून विकण्याचा व्यवसाय पुढे सुरू झाला. काही मध्यस्थ तर कोणाचाही क्रमांक उचलून देतात. रेषा तितक्याच काळ्या असतात, पडताळ्याचा अंकही बरोबर येतो, यंत्र क्रमांक वाचतेही. परंतु नोंद दुसऱ्याच्याच नावावर असते.

जमीन विकत घेताना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. सातबारा पाहतो, फेरफाराची नोंद झाली की नाही याची चावडीवर खात्री करून घेतो. नोंद दुसऱ्याच्या नावावर असलेल्या जमिनीत विहीर खणण्याचे धाडस कोणी करीत नाही. क्रमांकाचेही तसेच आहे. समजा, एका बचत गटाने असा स्वस्त क्रमांक घेऊन हळदीच्या ५,००० पिशव्या छापल्या. बाजारपेठेने तो क्रमांक जीएस वनच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि तेथे कोणा परदेशी संस्थेचे नाव निघाले. अशा वेळी अर्ज नाकारला जातो. माल आधीच विक्रीस लागला असेल, तर तो काढून टाकला जाऊ शकतो. क्रमांकावर वाचलेले पैसे थोडे आणि वाया गेलेल्या पिशव्यांची किंमत त्याहून कितीतरी अधिक, असा हा व्यवहार होतो. शिवाय पहिल्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या पसंतीच्या नोंदीही त्या क्रमांकाबरोबर नाहीशा होण्याची भीती असते.

एखादा क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे जीएस वनच्या संकेतस्थळावर शोधून पाहता येते. मध्यस्थाने दाखविलेल्या प्रमाणपत्रावर न थांबता ही खात्री स्वतः करून घ्यावी.

नोंदणीची रीत

जीएस वन इंडियाकडे अर्ज तिच्या संकेतस्थळावरून करता येतो. पैसे भरण्यापूर्वी गटाने बैठकीत पुढील तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट, नोंद कोणाच्या नावावर करावयाची. क्रमांक देण्याचा अधिकार ज्याचे ब्रँड नाव पाकिटावर आहे त्याचा. दळण, भरणी व वेष्टन दुसरीकडून करून घेतले तरी यात फरक पडत नाही. ब्रँड शेतकरी उत्पादक कंपनीचा असेल, तर नोंद कंपनीच्या नावावर व्हावी. गटाचा असेल, तर गटाच्या नावावर व्हावी. अध्यक्षाच्या मुलाच्या, लेखापालाच्या किंवा छपाई करणाऱ्याच्या नावावर सोयीसाठी नोंद करू नये. पुढे ती व्यक्ती गटातून गेली किंवा मतभेद झाले, तर अनेक वर्षे खपून नावारूपास आलेल्या मालाचा क्रमांकही तिच्याबरोबर जाईल. ज्या गटाची स्वतःची कागदपत्रे पूर्ण नाहीत, त्याने आपण सदस्य असलेल्या उत्पादक कंपनीमार्फत तिच्याच ब्रँडखाली विक्री करण्याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट, किती क्रमांक लागतील. प्रत्येक पदार्थास एक क्रमांक, हा समज बरोबर नाही. प्रत्येक वजनास व प्रत्येक प्रकारास वेगळा क्रमांक लागतो. हळद पूड १००, २०० व ५०० ग्रॅमची म्हणजे ३. मिरची पूड १०० व २०० ग्रॅमची म्हणजे २. गुळाची पूड ५०० ग्रॅम व १ किलोची म्हणजे २. असे ७ क्रमांक झाले. पुढे सेंद्रिय हळद त्याच तीन वजनांत काढल्यास १० होतील. एका खोक्यात २० पाकिटे भरून ते खोके घाऊक विकावयाचे असल्यास त्यास आणखी एक क्रमांक द्यावा लागेल. पुढील दोनतीन वर्षांचा असा अंदाज बांधून संच निवडावा.

तिसरी गोष्ट, खर्च. नोंदणीचे शुल्क व ठराविक मुदतीची वर्गणी असे दोन भाग त्यात असतात. क्रमांकांची संख्या, संस्थेची वार्षिक उलाढाल व निवडलेली मुदत यांवर रक्कम अवलंबून असते. चालू दर संस्थेच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. लहान उद्योगांसाठी केंद्र सरकारने बारकोड नोंदणीच्या शुल्काचा काही भाग परत देण्याच्या योजना वेळोवेळी राबविल्या आहेत. यास्तव अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात.

अर्जासोबत सामान्यतः संस्थेच्या नोंदणीचा दाखला, पॅन, वस्तू व सेवा कराची नोंदणी असल्यास तिचे प्रमाणपत्र आणि उलाढालीचा पुरावा लागतो. सर्व कागदांवर नाव व पत्ता एकसारखा असावा. एका कागदावर गटाचे पूर्ण नाव व दुसऱ्यावर संक्षिप्त नाव, अशा लहानशा फरकानेही काम लांबते.

मंजुरीनंतर संस्थेचा क्रमांक मिळतो. त्यानंतर प्रत्येक पाकिटाचे नाव, ब्रँड, निव्वळ वजन व छायाचित्र यांची नोंद जीएस वन इंडियाच्या डेटाकार्ट या व्यवस्थेत करावी. हे काम अर्धवट सोडू नये. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करणे आवश्यक आहे. क्रमांक कायमचा विकत मिळत नाही. तो वापरण्याचा हक्क वर्गणी चालू असेपर्यंतच राहतो.

क्रमांक केव्हा बदलावा?

नवा हंगाम आला किंवा नवी खेप भरली म्हणून क्रमांक बदलावयाचा नसतो. खेपेचा क्रमांक व वेष्टनाची तारीख पाकिटावर वेगळी छापावी. मात्र निव्वळ वजन बदलले, ब्रँडचे नाव बदलले, किंवा घटक पदार्थांत लेबलावर सांगावा लागेल असा फरक झाला, तर नवा क्रमांक द्यावा. २०० ग्रॅमच्या जागी १८० ग्रॅम भरून जुनाच क्रमांक ठेवणे ही चूक होय. त्यामुळे गिऱ्हाइकाची फसवणूक झाल्याचा आरोप येऊ शकतो. बंद केलेल्या मालाचा क्रमांक दुसऱ्या मालास देऊ नये. कोणाच्या तरी कोठारात जुने पाकीट शिल्लक असते आणि एका क्रमांकावर दोन पदार्थ निघाले की घोटाळा होतो.

यासाठी गटाने एक नोंदवही ठेवावी. तिच्यात क्रमांक, पदार्थ, वजन, क्रमांक दिल्याची तारीख व माल बंद केल्याची तारीख एवढे रकाने पुरेत. वही एकाच सदस्याच्या घरी न ठेवता तिची एक प्रत कार्यालयात असावी.

छपाईत घ्यावयाची काळजी

१३ अंकी बारकोडचा प्रमाण आकार, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह, ३७.२९ मिलिमीटर रुंद व २५.९३ मिलिमीटर उंच आहे. तो ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर रुंद व २१ मिलिमीटर उंच, इतका लहान करता येतो. त्याहून लहान करू नये. जागा वाचविण्यासाठी वरून कापूही नये. प्रमाण आकारात रेषांच्या डावीकडे ३.६३ व उजवीकडे २.३१ मिलिमीटर जागा कोरी असावी लागते. तेथे नक्षी किंवा अक्षर आल्यास यंत्रास आरंभ व शेवट सापडत नाही.

पांढऱ्यावर काळा हा रंग सर्वांत उत्तम. यंत्राचा प्रकाश बहुधा तांबडा असल्याने तांबड्या, नारिंगी किंवा पिवळ्या रेषा त्यास दिसत नाहीत. मिरचीच्या पाकिटावर शोभा म्हणून तांबड्या रेषा छापल्यास डोळ्यांस त्या दिसतील, पण यंत्रास कोरा कागद दिसेल. पारदर्शक पिशवीवर प्रथम पांढरा पट्टा छापून त्यावर रेषा छापाव्यात. चकाकणाऱ्या रुपेरी वेष्टनासही हाच नियम लावावा. पिशवीची शिवण, घडी किंवा कोपरा यांवर बारकोड येऊ देऊ नये. मधाची किंवा लोणच्याची लहान गोल बाटली असेल, तर बाटली उभी असताना रेषा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या याव्यात, म्हणजे त्या बाटलीच्या वळणावर वाकत नाहीत.

एकदम हजारो पिशव्या न छापता प्रथम थोड्या नमुन्याच्या पिशव्या घ्याव्यात. त्यांत माल भरून, तोंड बंद करून, जवळच्या मोठ्या दुकानातील यंत्रावर त्या वाचून पाहाव्यात. रिकामी पिशवी वाचली गेली म्हणून भरलेली वाचली जाईलच, असे नाही.

कार्यकर्त्यांचे काम

बाजारपेठेच्या अर्जात ब्रँडचे नाव, पदार्थ व वजन ही पाकिटावर व जीएस वनच्या नोंदीत जशी आहेत तशीच लिहावी. तिन्ही ठिकाणी एक मजकूर असला म्हणजे पुष्कळ अडचणी टळतात. आपल्या भागातील गटांना सल्ला देताना कार्यकर्त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : क्रमांकाची खरोखर गरज आहे काय? तो कोणाच्या नावावर आहे? त्याची मुदत केव्हा संपते? भरलेले पाकीट यंत्राने वाचून पाहिले काय? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच छपाईस संमती द्यावी.

बारकोडमुळे वाईट माल चांगला होत नाही आणि गिऱ्हाईकही आपोआप येत नाही. परंतु चांगल्या मालाची ओळख दूरच्या घरापर्यंत अखंड राहावी, यासाठी तो उपयोगी पडतो. ज्या गटाने उन्हात बसून हळद वाळविली, निवडली व दळली, त्या श्रमाचे नाव दुसऱ्याच्या खात्यावर पडू नये. सातबाऱ्यावरील आपले नाव जितक्या दक्षतेने पाहावयाचे, तितक्याच दक्षतेने मालाच्या क्रमांकावरील नावही पाहावे.